आत आलेल्याचा धर्म

काही प्रश्न दिसण्यात इतके क्षुल्लक असतात की, त्यांवर लिहिण्यासाठी लेखणी उचलावी याचीच प्रथम लाज वाटते. आगगाडीच्या डब्यात शिरलेल्या माणसाने दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाशी कसे वागावे, हा त्यांपैकी एक प्रश्न होय. नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून सत्य, न्याय, दया, वचनपालन इत्यादी विषयांचा ऊहापोह सापडतो. लोकलच्या बाकावरील चौथ्या माणसाचा विचार सापडत नाही. परंतु मनुष्याच्या नीतीची परीक्षा त्याने वाचलेल्या ग्रंथांवरून होत नाही. सकाळच्या गर्दीत, घामाघूम झालेला, कामावर पोहोचण्यास उशीर होत असलेला, आणि ओळखीचे कोणी पाहत नसता तो जे करतो, त्यावरून ती होते, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. तसे वाटण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो प्रथम सांगतो.

आमचे एक आप्त वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईस आमच्याकडे पार्ल्यास येण्याचा बेत केला, आणि पत्र लिहून विचारले की, गाडीतून कोठे उतरावे आणि पुढे कशाने यावे. प्रश्न एका ओळीचा होता. उत्तरास दोन पाने लागली. मुंबईस येणे आणि मुंबईत पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे राहणारास सांगावे लागत नाही; परगावच्या माणसास मात्र ते पुष्कळ समजावून द्यावे लागते. नागपुराकडून येणाऱ्यास कल्याण, ठाणे, दादर आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, असे अनेक उंबरठे लागतात. गुजराथेकडून येणारा बोरिवलीस किंवा वांद्र्यास उतरतो. कोकणातून येणारा पनवेलीस उतरला तर शहर त्याच्यापासून अजून तासाभराच्या वाटेवर असते. काही गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरच थांबतात, आणि तेथून पुढे काय करावे हे न कळून पिशव्या सांभाळीत उभी राहिलेली कुटुंबे आम्ही कितीदा तरी पाहिली आहेत.

आम्ही त्यांस लिहिले : ठाण्यास उतरलात तर लोकलने घाटकोपरला या, आणि तेथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरीस, परंतु दोनदा वाहन बदलावे लागेल. दादरला उतरलात तर पूल ओलांडून पश्चिम बाजूच्या फलाटावर जा, आणि सावकाश जाणारी बोरिवलीची किंवा अंधेरीची गाडी धरा. जलद गाडी पार्ल्यास थांबेलच असे नाही. सामान फार असेल तर टॅक्सी करा. रिक्षाची वाट पाहू नका, कारण माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस रिक्षास परवानगी नाही. मीटर पाहून पैसे द्या. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरास टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये ठरले आहेत. याप्रमाणे मार्ग, वेळ, भाडे यांविषयी आम्ही सर्व काही लिहिले. एकच गोष्ट लिहावयाची राहिली. ती ही की, गाडी आल्यावर तिच्यात शिरावयाचे कसे. ती आमच्या ध्यानी आली नाही असे नव्हे. परंतु ती वेळापत्रकावर अवलंबून नसून आत असलेल्या माणसांवर अवलंबून होती, आणि त्यांविषयी खात्रीने काय लिहावे ते आम्हांस सुचले नाही.

ते आले. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सकाळची हकीकत तक्रारीच्या नव्हे, तर विनोदाच्या सुरात सांगितली. दादरच्या फलाटावर पहिली गाडी आली तेव्हा दारातल्या एका गृहस्थाने त्यांस सांगितले, "बाबा, मागची गाडी रिकामी आहे." ते थांबले. मागची आली. ती पहिलीहून भरलेली होती, आणि तिच्याही दारातून कोणी तेच सांगितले. तिसऱ्या गाडीच्या वेळी कोणा तरुणाने त्यांची पिशवी आधी आत घेतली, मग त्यांचा हात धरला, आणि ते आत आले. "तुमच्या शहरात मागची गाडी नेहमीच रिकामी असते," ते म्हणाले, "फक्त ती येत नाही, एवढेच." आम्ही सर्व हसलो. परंतु आमच्या हसण्यात एक कुसळ राहिले होते, ते रात्री टोचू लागले.

त्याच दिवशी सकाळी आम्ही स्वतः चर्चगेटकडे चाललो होतो. पार्ल्यास दार गच्च भरलेले होते. आतल्या एकाने आपली पिशवी पोटाशी घेतली, आणि तेवढ्या वितीभर जागेत आमचा पाय मावला. ते उपकार विसरण्यास आम्हांस जेमतेम दोन स्टेशनांचा अवधी पुरला. वांद्र्यास एक मनुष्य पत्र्याची पेटी घेऊन दारापाशी आला. दूरच्या गाडीने टर्मिनसवर उतरून आलेला नवखा असावा. "चर्चगेट?" एवढेच त्याने विचारले. आणि आम्ही, ज्यांनी वाचकांस सत्य आणि न्याय यांविषयी अनेकदा चार शब्द सांगितले आहेत ते आम्ही, म्हणालो, "मागची रिकामी आहे." मागची गाडी रिकामी आहे की नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. किंबहुना ती तशी नसणार हेच ठाऊक होते. गाडी सुटली, तो पेटीजवळ उभा राहिला.

आता प्रश्न असा की, पार्ल्याच्या फलाटावर उभे असलेले आम्ही आणि वांद्र्याच्या दारात उभे असलेले आम्ही, यांत असे काय बदलले होते? फलाटावर आमची खात्री होती की, डब्यात आणखी एकास जागा आहे. दारात येताच तितकीच खात्री झाली की, ती नाही. डबा तोच, माणसे तीच. बदलली ती केवळ आमची उभी राहण्याची जागा. जे मत जागेबरोबर बदलते, ते मत नव्हे. तो स्वार्थच मताचा वेष घेऊन आलेला असतो. गीतारहस्यात (१९१५) लोकमान्यांनी ज्या आत्मौपम्यबुद्धीचा विचार विस्ताराने केला आहे, ती म्हणजे दुसऱ्याच्या ठिकाणी आपणास कल्पून वागणे. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने निराळ्या वाटेने तेच मागितले : ज्या नियमाने तुम्ही वागता तो सर्वांचा नियम झालेला तुम्हांस चालेल काय, हे पाहा. 'मी आत आलो की दार बंद व्हावे' हा नियम या कसोटीस क्षणभरही टिकत नाही. तो आमच्या आधी आत आलेल्यांनी पाळला असता तर आम्ही आतच आलो नसतो. हा नियम मोडला गेला म्हणूनच आज तो सांगण्यास आम्ही दारात उभे असतो.

तरीही आत आलेला मनुष्य आपल्या जागेवर हक्क सांगतोच. तो हक्क कशाच्या आधारावर, हे पाहिले पाहिजे. पहिला आधार तो आधी आल्याचा सांगतो. परंतु रांगेत आधी असणे निराळे आणि आधीच्या स्टेशनावर राहणे निराळे. विरारला चढणारा मनुष्य बोरिवलीकराहून अधिक पुण्यवान नसतो. त्याचे घर लांब आहे इतकेच. लांब राहणाऱ्याचे कष्ट अधिक आहेत, म्हणून त्यास बसावयास मिळावे, हे न्यायाचे आहे. परंतु त्यामुळे मधल्या स्टेशनांवरील माणसांनी चढूच नये, हे कोणत्याही न्यायाने निघत नाही.

दुसरा आधार तिकिटाचा. "आम्ही पैसे मोजले आहेत." होय, पण बाहेरच्यानेही मोजले आहेत. लोकलचे तिकीट हे विशिष्ट बाकाचे खरेदीखत नसते. आपणास ठरलेल्या स्टेशनापर्यंत नेण्यात येईल, असे ते एक सार्वजनिक वचन असते, आणि ते वचन दारातल्या दोघांसही सारखेच दिलेले असते. हाती तिकीट असून दार बंद होणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्या इतिहासास अपरिचित नाही. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्सबर्ग येथे पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असता गांधीजींस डब्यातून खाली उतरविण्यात आले. तेथील कारण वर्णद्वेषाचे होते आणि येथील गर्दीचे, हा भेद मोठा आहे; दोन्ही एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु त्या प्रसंगाने एक गोष्ट कायमची शिकविली : वचन छापलेले असले तरी ते पाळले जाणे न जाणे हे पुष्कळदा आतल्या माणसांच्या हाती असते.

तिसरा आधार श्रमाचा. "आम्ही धडपडून, धक्के खाऊन ही जागा मिळविली." हा आधार सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत भयंकर आहे. कारण तो मान्य केला तर ज्याच्या अंगात रेटण्याचे बळ आहे तोच प्रवासास पात्र ठरतो. म्हातारा, आजारी, गर्भवती, लेकुरवाळी, पेटीवाला हे सारे अपात्र ठरतात. बळाने मिळते ती जागा. हक्क बळाने मिळत नाही. समाजास हे कळत नाही असे नाही. स्त्रियांचे स्वतंत्र डबे, ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेली केवळ स्त्रियांची गाडी, अपंगांसाठी राखलेली जागा, या सर्वांचा अर्थ एकच आहे. दारातला व्यवहार न्यायाने चालत नाही, ही ती कबुली होय.

या गोष्टीस इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, सार्वजनिक वाहन ही आपल्या समाजात केवळ सोयीची वस्तू म्हणून आली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल आगगाडी धावली. त्या कंपनीच्या संचालकांत नाना शंकरशेट यांच्यासारखे दूरदर्शी नागरिक होते. पुढे १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस सुटली. ज्या समाजात कोणी कोणाशेजारी बसावे याचे शेकडो निर्बंध होते, त्या समाजात एक फळीचा बाक आला आणि त्याने कोणाचीही जात विचारली नाही. पैशाने पाडलेले वर्ग राहिले, हे खरे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल पाहून गांधीजींस १९१७ साली त्यांविषयी लिहावे लागले, आणि तो वर्ग नावाने नाहीसा होण्यास १९७४ साल उजाडावे लागले. तरीही अनोळखी माणसाच्या खांद्यास खांदा लावून, त्याचे नाव-गाव न विचारता, एकाच दिशेने जाण्याचा अभ्यास आपणांस या वाहनांनी करविला. जे अनेक उपदेशांनी साधले नाही ते काही अंशी बाकाने साधले. म्हणून त्या बाकावर आपण कसे वागतो हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

येथवर वाचून एखादा विचारी वाचक आम्हांस थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तो म्हणेल, "तुमचे हे 'आणखी एक' कोठे थांबावयाचे? बुडत्या गलबताच्या होडीत दहांची जागा असता अकरावा घेतला, तर अकराही बुडतील. दया करून मारणे ही कोणती नीती?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर दोन गाड्या समोरासमोरच्या रुळांवरून जात असता पायरीवर लोंबकळणारे उतारू खाली पडले, आणि त्यांतले चारजण त्याच दिवशी मरण पावले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसासाठी थांबलेल्या गर्दीत चेंगरून वीसहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व अन्य कारणांनी मरणाऱ्यांची संख्या २०२३ या एका वर्षात अडीच हजारांच्या वर होती. पार्ल्याच्या दारात आम्हांस वितीभर जागा देणाऱ्याने आमच्यावर उपकार केला. पण त्याच वेळी आमचा अर्धा देह बाहेर राहू दिला, हेही खरे आहे. जेथे खरोखरच जागा संपली आहे, तेथे 'नाही' म्हणणे हेच कर्तव्य असू शकते, ही गोष्ट आम्ही मान्य करतो.

परंतु जागा खरोखर संपली की नाही, हे ठरवावयाचे कोणी? ठरविणारा आत असतो, आणि आत असलेल्याचे हित ती संपलेली असण्यात असते. स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊन बसलेल्या मनुष्याने आपल्या निकालाविषयी जरा शंका बाळगावी, हे उचित होय. ज्याने लोकलचा वा बसचा प्रवास केला आहे त्यास ठाऊक आहे की, दारापाशी श्वास घेण्यास जागा नसते तेव्हा मधल्या वाटेत पुष्कळदा दोन-चार माणसे सुखाने उभी राहतील इतकी जागा मोकळी असते. आतला आत सरकत नाही, कारण त्यास लवकर उतरावयाचे असते, किंवा वारा हवा असतो, किंवा नुसतीच सवय असते. दारातला दाबला जातो तो बाहेरच्यामुळे असे त्यास वाटते. वस्तुतः तो दाबला जात असतो आतल्यामुळे.

यावरून आम्हांस एक साधा नियम सुचतो : 'नाही' म्हणण्याचा अधिकार, ज्याने आधी स्वतः सरकून पाहिले, त्यासच आहे. खरा नकार आणि खोटा नकार यांचे शब्द एकच असतात. त्यांतील भेद शब्दांच्या आधी काय केले यात असतो. आपण आत सरकलो, पिशवी वर ठेवली, तिघांच्या बाकावर चौथ्यास कडेची जागा दिली, आणि तरीही जागा उरली नाही, तर बाहेरच्यास स्पष्ट सांगावे, "जागा नाही, जिवाशी खेळू नका, थांबा." हे सांगण्यात क्रौर्य नाही. क्रौर्य आहे ते न सरकता सांगण्यात, आणि त्याहून अधिक 'मागची गाडी रिकामी आहे' असे सांगण्यात. कारण नकाराने आपण त्याची गाडी घेतो. असत्याने त्याचा विश्वासही घेतो, आणि वर स्वतःस दयाळू समजतो. नवख्याजवळ या शहरात विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते. टॅक्सीचा मीटर बरोबर आहे, दाखविलेला रस्ता खरा आहे, फलाटाचा क्रमांक बरोबर सांगितला आहे, एवढ्या आधारावर तो एक एक पाऊल टाकीत असतो. त्याचे ते भांडवल हिरावून घेणारा भामटाच असतो असे नाही. घाईत असलेला सभ्य गृहस्थही ते करू शकतो, हे आम्ही स्वानुभवाने लिहितो.

या नियमास धरून वागणारी माणसे नाहीत काय? पुष्कळ आहेत. चौथी बैठक कोणत्याही कायद्याने लागू केलेली नाही. ती उतारूंनीच निर्माण केलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रूढी आहे. कित्येक डब्यांतून नेहमीचे सोबती अर्ध्या वाटेवर उठून उभ्या असलेल्यांस बसावयास देतात. त्यास कोणी परोपकार म्हणत नाही, रीत म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि लक्षावधी माणसे पाण्यातून चालत घरी निघाली. त्या रात्री रस्त्याकाठच्या लोकांनी अनोळख्यांस चहा-बिस्किटे दिली, घरात आसरा दिला. सकाळी दार अडविणारे आणि रात्री दार उघडणारे हे निराळे लोक होते असे आम्हांस वाटत नाही. तोच मनुष्य दोन्ही असतो. म्हणूनच या प्रश्नावर विचार करण्यात अर्थ आहे. जो बदलूच शकत नाही त्यास उपदेश कशास करावा?

आतापर्यंत आम्ही डब्यातल्या माणसाविषयी बोललो. कारण त्याच्या दारावर कोणी तरी थाप मारते आणि त्यास निदान उत्तर द्यावे लागते. परंतु ज्याच्या दारावर कोणीच थाप मारत नाही त्याचे काय? आमच्या वाचकांपैकी अनेकांजवळ स्वतःची मोटार असेल. चौघांची बैठक असलेल्या मोटारीतून एकजण काचा वर करून जात असतो; पलीकडे बसच्या थांब्यावर पन्नास माणसे उभी असतात. एका बसला रस्त्यावर दोन-तीन मोटारींइतकी जागा लागते, आणि तिच्यातून ती पन्नासही माणसे जातात. रस्ता हाही एक डबाच आहे. त्यातही जागा मोजकी आहे. आणि त्यात सर्वांत पैस बसलेला मनुष्य तो आहे की ज्यास आपण कोणाची जागा घेतली आहे याचा पत्ताही नाही. लोकलमधला निदान खोटे बोलतो. मोटारीतल्यास तेही करावे लागत नाही.

मोटार ठेवणे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. आजाऱ्यास, वृद्धास, रात्री-अपरात्री कामावरून परतणारीस ती आधार असते, आणि बसची वाट पाहून थकलेल्याने ती घेतली तर त्यास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु 'आधी सरकून पाहिले काय' हा प्रश्न त्यासही लागू आहे. बससाठी रस्त्याची एक पट्टी राखावी म्हटले की जो विरोध होतो, पदपथावर गाडी लावू नये म्हटले की जो राग येतो, तो दारात न सरकणाऱ्याचाच राग होय. हीच गोष्ट व्यापक प्रमाणात नगरासही विचारता येईल. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावाशेवेकडे समुद्रावरून २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. बांधणी खरोखर अभिमानास्पद आहे. पण त्यावर दुचाकीस आणि रिक्षास प्रवेश नाही. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटरांची भुयारी मेट्रो पूर्ण झाली, आणि तिच्या दारात कोणालाही उभे राहता येते. दोन्ही कामे मोठी. पण एकाच्या दारात किती माणसे मावतात आणि दुसऱ्याच्या किती, हे विचारणे केवळ हिशेबाचे नव्हे, नीतीचेही काम आहे. आणि याच शहरात एके काळी चार हजारांवर असलेल्या सार्वजनिक बसगाड्या २०२५ साली तीन हजारांच्याही खाली आल्या होत्या, ही गोष्ट त्या हिशेबात मांडल्यावाचून राहता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. उतारूंच्या सद्गुणांची स्तुती करून व्यवस्थेचे दोष झाकण्याची एक रीत आहे. माणसे एकमेकांस सांभाळून घेतात, अर्धा अर्धा बाक वाटून घेतात. म्हणजे मग गाड्या वाढविण्याची घाई कशास, असे म्हणणाऱ्यांस आमचा हा लेख उपयोगी पडू नये. रोज सुमारे ७० लाख माणसे ज्या लोहमार्गांनी जातात, तेथे माणसाच्या चांगुलपणावर इतका भार टाकणे हीच एक अनीती आहे. डब्यातली टंचाई देवाने पाठविलेली नाही. ती कोणाच्या तरी निर्णयाने आणि कोणाच्या तरी दिरंगाईने झालेली आहे. ती दूर करा असे मागणे हे उतारूचे कर्तव्य आहे. परंतु ती दूर होईपर्यंत वांद्र्याच्या फलाटावरील पेटीवाल्यास आम्ही काय सांगावयाचे, हा प्रश्न आमचाच राहतो. सरकारने गाड्या वाढविल्या नाहीत म्हणून आम्ही खोटे बोललो, हे समर्थन आम्हांस स्वतःसही पटले नाही.

शेवटी, हा दाराचा प्रश्न डब्यापाशीच थांबत नाही. मुंबईत राहणाऱ्या बहुतेक घराण्यांत एक पिढी अशी सापडते की, जी कोकणातून बोटीने किंवा देशावरून आगगाडीने पेटी घेऊन आली, कोणा गाववाल्याच्या खोलीत कडेला झोपली, आणि हळूहळू स्थिरावली. त्यांस कोणी तरी चौथी बैठक दिली होती. आज त्यांचीच नातवंडे नव्या आलेल्याकडे पाहून म्हणतात, "शहर भरले." शहरास मर्यादा आहेत, पाण्यास, जमिनीस, रस्त्यांस मर्यादा आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याही ठिकाणी आमचा तोच प्रश्न आहे : 'नाही' म्हणण्यापूर्वी आपण सरकून पाहिले काय? आणि ज्या दारातून आपण आत आलो, ते दार आपल्या पाठीमागे लावताना, तेथे आपणास ओढून घेणारा हात आपण आठवतो काय?

आमचे पाहुणे आठ दिवस राहून परत गेले. त्यांस पोहोचविण्यास आम्ही दादरपर्यंत बरोबर गेलो. पार्ल्याहून गाडीत चढलो तेव्हा सवयीने आम्ही दारातच थांबत होतो. ते मात्र कोणी न सांगता आत, थेट मधल्या वाटेपर्यंत चालत गेले, आणि आम्हांसही त्यांच्या मागून जावे लागले. आमच्या मागे दारात दोन माणसांची जागा झाली. सांताक्रुझला तेथे दोघेजण चढले. त्या दोघांस आमचे पाहुणे ठाऊक नाहीत, आम्हीही नाही. आम्ही शाळेत शिकविलेले पुष्कळ विसरलो आहो. त्या दिवशी एका निवृत्त शिक्षकाने पाठमोरे चालत जाऊन शिकविलेला हा एक धडा तरी विसरू नये, अशी इच्छा आहे.